चिमणदार

सरूबाईनं भिंतीला टेकवलेलं प्लायवूडचं दार ओढत आणून अंगणाच्या मधोमध उभं केलं, दोन्ही बाजूंनी विटांचा टेकू दिला आणि सायलीला म्हणाली,

"जा आता. पन वाकायचं न्हाई."

सायली गेली. कपाळ चौकटीला लागलं नाही. पलीकडं गेल्यावर ती वळली आणि आईच्या तोंडाकडं बघत राहिली. सरूबाईनं तिला पुन्हा दारात उभं केलं, टाचा भुईला टेकल्यात का ते वाकून पाहिलं आणि डोकं नि चौकट यांच्यामधल्या जागेत आपली बोटं आडवी सरकवली. दोन बोटं बसली. दिवाळीतही दोनच बसली होती. सरूबाईचा जीव भांड्यात पडला.

"शाब्बास माजी बाय!"

सायली हसली. तेरा वर्षांची पोर, पण हसताना तिच्या गालांच्या जागी आता नुसती हाडं वर यायची.

दार खोटं होतं. पुढून काळ्या दगडासारखं रंगवलेलं, मागून नुसत्या पट्ट्या नि खिळे. दुसऱ्या भागाचं शूटिंग संपलं तेव्हा पिक्चरवाल्यांच्या टेम्पोत ते मावेना. "पुढच्या वेळी लागणारच आहे, जपून ठेवा," असं सांगून ते सरूबाईच्या हवाली करून निघून गेले. तेव्हापासून तिनं ते कोंबड्यांपासून जपलं, पावसापासून जपलं, दोनदा त्यावर नवं प्लास्टिक घातलं. तिचे यजमान मारुतराव चेष्टेनं म्हणायचे, एवढं जपणं पोरीच्या वाट्याला आलं असतं तर ती बाळसेदार झाली असती. चेष्टाच ती. त्यांचं लक्ष उसात आणि सोसायटीच्या इलेक्शनीत. घरात काय शिजतं आणि कुणाच्या ताटात किती पडतं, ते बघायचं काम त्यांचं नव्हतं.

ही माणसं पहिल्यांदा वडगाव रासाईत आली ती शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात. भीमेचा घाट त्यांना हवा होता. लहान मुलांचा जादूचा पिक्चर होता, 'डोहाखालचं राज्य'. घाटाच्या शेवटच्या पायरीखाली एक दगडी दार असतं, त्याचं नाव चिमणदार. ते इतकं ठेंगणं की त्यातून फक्त लेकरूच जाऊ शकतं, आणि वाकून गेलं की ते उघडतच नाही. पलीकडं डोहातलं गाव, बोलणारे मासे, शंखात राहणारी म्हातारी. त्या दारातून जाणारी मुलगी त्यांना मिळत नव्हती. आठ वर्षांची सायली तेव्हा वाहून गेलेली चप्पल शोधत गुडघाभर पाण्यात फिरत होती. पिक्चरच्या साहेबांनी तिला बघितलं आणि पुण्याहून आणलेल्या तीन पोरी त्याच दिवशी परत पाठवल्या.

पिक्चर दौंडच्या टॉकीजला लागला तेव्हा गाव दोन टेम्पो भरून गेलं. पडद्यावर सायलीचं तोंड घराएवढं मोठं दिसलं आणि सरूबाईला हुंदकाच फुटला. तिला स्वतःला सातवीतून काढून बोहल्यावर उभं केलं होतं. या घरात येऊन पंधरा वर्षं झाली तरी गावातल्या निम्म्या लोकांना तिचं नाव माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ती सायलीची आई झाली. दोन वर्षांनी दुसरा भाग निघाला, तोही चालला. निरोप घेताना साहेब म्हणाले होते,

"तिसरा भाग झाला की हिला आम्ही पुण्यात शाळेत घालू. बोर्डिंगची सोय माझ्याकडे. पोरगी हुशार आहे, इथं ठेवू नका."

बाकीची सगळी विसरली, सरूबाई विसरली नाही. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं एसटीनं जायचं, आणि मारुतरावांनी तर आधीच सांगून टाकलं होतं, पोरीला एसटीनं रोज पाठवणार न्हाई. म्हणजे पुढं काय होणार ते सरूबाईला डोळ्यांनी दिसत होतं, कारण ते तिचं तिनंच भोगलं होतं. मध्ये उभा होता तो फक्त तिसरा भाग. तिसरा भाग झाला की पुणं, नाही झाला की बोहलं. एवढं सोपं होतं ते.

पण तिसरा भाग काही येईना. एक वर्ष गेलं, दोन गेली. शूटिंगच्या वेळी सायली दारात उभी राहिली की डोक्यावर वीतभर जागा उरायची. सालभरात ती वीत अर्ध्यावर आली. पुढच्या उन्हाळ्यात पोर कपाळमोक्ष करून घेणार आणि साहेब दुसरी शोधणार, हे लख्ख दिसायला लागलं.

शोएबचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालंच होतं. अल्लाबक्ष पंपाच्या जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करायचा, त्याचा हा थोरला. पिक्चरमध्ये तो नावाड्याचा पोरगा होता, सायली दारातून आत गेली की काठावर दोर धरून बसणारा. पंधरावं लागलं आणि तो बाभळीसारखा वाढला. आवाज फुटला, ओठावर काळी रेघ उमटली. गिरणीत दळण घेऊन उभ्या बायका म्हणाल्या, शोएब बाद झाला. त्याची आई रोशनबी तिथंच होती. तिनं ऐकलं आणि डबा पुढं सरकवला.

सरूबाईला तिची कणव आली. बाहेर पडल्यावर ती म्हणाली,

"भाभी, पोराला वाईच आवरा की. रोज अंडी देता म्हनं."

"आवरू कसं? परवाची पँट आज घोट्याच्या वर जातीय."

"मंग पिक्चरचं?"

"न्हाई घेतलं तर न्हाई." रोशनबी हसली. "पिक्चरसाटी पोर छाटून देऊ व्हय?"

भाभीला कळत नाही, एवढंच सरूबाईच्या मनात आलं. वाटेनं जाताना तिनं डोक्यावरचं पीठ या हाताचं त्या हातानं धरलं आणि पाऊल उचललं.

सुरुवात दुधापासून झाली. दुधानं हाडं वाढतात, म्हणून दूध बंद. मग शेंगदाण्याचा लाडू, मग अंडं. मग रात्रीची भाकरी अर्धी. कुणी विचारलंच तर उपास असायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार, त्यात चतुर्थी आली की अर्धा आठवडा देवाच्या नावावर निघून जायचा. चिंचेच्या फांदीला लोंबकळायचं नाही, ताणून झोपायचं नाही, पाय पोटाशी घेऊन झोपायचं. सायलीनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट तिचीच हुशारी वाढली. शाळेत डॉक्टर उंची मोजायला आले तर परकराच्या आत हळूच गुडघे मोडून उभं राहायचं, हे तिचं तिनंच काढलं. घरी येऊन तिनं ते आईला करून दाखवलं. वरून बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. सरूबाईला तेव्हा पोरीचं भारी कौतुक वाटलं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती सायलीलाही माहीत नव्हती.

निजलेल्या लेकराला ओलांडू नये, वाढ खुंटते, हे कुठल्या आईला सांगावं लागत नाही. चुकून ओलांडलंच तर तिथंच थांबायचं आणि त्याच पावली उलट ओलांडायचं, म्हणजे दोष निघून जातो. सरूबाईनं सायली पाळण्यात होती तेव्हापासून हे डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. आता रोज पहाटे, चरवी घेऊन गोठ्याकडं जाताना, ती ओसरीवर निजलेल्या सायलीपाशी थांबायची. साडी घोट्याच्या वर धरायची, पोरीला ओलांडायची आणि सरळ पुढं निघून जायची. मागं वळून बघायची नाही. पहिल्या दिवशी चरवी ओसरीवरच राहिली होती. नंतर सवय झाली.

माघातल्या एका पहाटे तिचे सासरे मल्हारीआबा जागे होते. कोपऱ्यातल्या बाजेवरून त्यांनी ते पाहिलं.

"सरू."

ती जागच्या जागी थबकली.

"पोरीला ओलांडलंस. उलटी ओलांड."

"व्हय आबा. ध्यानातच आलं न्हाई."

ती दोन पावलं मागं आली, वाकली, सायलीची वाकळ सारखी केल्यासारखं केलं. आबांना खोकला आला, त्यांनी तोंड फिरवलं आणि तेवढ्यात ती गोठ्याकडं निघून गेली. गाईच्या आचळाला हात लावला तर हात गार पडलेला. गाईनं लाथ झाडली.

आबा काही खुळे नव्हते. दोन दिवसांनी सून भाकऱ्या थापत असताना ते चुलीपाशी येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले,

"हौसरावाच्या दावणीची ती खोंडं बघितलीस का? दुधाच्या लोभानं आईपासनं लवकर तोडली. आता पेंड घालतोय, सरकी घालतोय. पन वाढ एकदा गेली की गेली बग. चार वर्साची झाली तरी वासरंच दिसत्यात."

"व्हय का," सरूबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. आबांनी तिच्या पाठीकडं थोडा वेळ बघितलं आणि उठून गेले.

त्याच महिन्यात पत्र आलं. तिसऱ्या भागाची तयारी सुरू आहे, चैत्रात येतो, मुलांचे आत्ताचे फोटो पाठवा. सरूबाईनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. सायलीला घेऊन ती शिरूरला गेली आणि स्टुडिओवाल्याला सांगून पोरीला एका उंच कुंडीशेजारी उभं केलं. कुंडीतलं झाड सायलीच्या डोक्यावर हातभर गेलं होतं. फोटोत ती सहा वर्षांची वाटत होती. सरूबाईनं तो पाकिटात घालताना दोनदा कपाळाला लावला.

फाल्गुनात सायली शाळेच्या प्रार्थनेत भोवळ येऊन पडली. रखमाजी गुरुजी तिला सायकलवरून घरी घेऊन आले. ओसरीवर बसवताना ते सरूबाईला म्हणाले,

"हिला काहीतरी घाला हो खायला. उचलली तर दप्तराएवढंसुद्धा वजन लागलं न्हाई."

गुरुजी गेल्यावर सरूबाईचा धीर सुटला. तिनं पेलाभर दूध गरम केलं, गूळ घातला आणि पोरीच्या तोंडाशी धरलं. सायलीनं ओठ घट्ट मिटून मान फिरवली.

"आता कशाला आई? चैत्र आलाच की."

सरूबाईनं पेला खाली ठेवला. सायलीचं म्हणणं खरंच होतं. महिन्याचा तर प्रश्न होता. पोरीच्या कपाळावरून हात फिरवताना केस बोटांत अडकून आले, ते तिनं गुंडाळून पदराच्या गाठीत ठेवले.

चैत्रात ठरल्या दिवशी सकाळी नऊला जीप आली. सरूबाईनं अंगण सारवलं होतं, दारावरचं प्लास्टिक काढून ओल्या फडक्यानं पुसलं होतं, सायलीला दुसऱ्या भागातला तोच निळा परकर घातला होता. तो अजून बसत होता. गाव कुंपणाशी गोळा झालं. रोशनबीही आली होती, पोराला घेऊन, पण लांब निंबाखाली उभी होती.

साहेब उतरले. केस पिकले होते. त्यांच्यासोबत चष्मा लावलेली, हातात वही घेतलेली एक मुलगी होती. साहेबांनी मारुतरावांना हात जोडले, आबांच्या पाया पडले आणि मग त्यांची नजर शोएबवर गेली.

"अरे, हा आपला शोएब? केवढा झालास रे!" ते जवळजवळ धावतच गेले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. हात वर करावा लागला. "बोल बघू काहीतरी. आवाज ऐकू दे."

"काय बोलू सर?" शोएब घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"वा! असंच पाहिजे!"

कुंपणाशी उभ्या लोकांत हसू पसरलं. सरूबाईला त्यातलं काही कळेना. साहेब पोराचं मन राखतायत, असं तिला वाटलं. तिनं सायलीला पाठीवर हात देऊन पुढं केलं.

साहेब वळले. सायलीकडं बघितलं, मग तिच्या मागं बघितलं, जणू आणखी कुणी यायचं बाकी होतं.

"सायली?"

"व्हय सर."

"फोटो बघून आम्हाला वाटलं, जुना पाठवलाय," वही धरलेली मुलगी हळूच म्हणाली. तिनं टेप काढला. "सरळ उभी राहा हं."

सायली उभी राहिली. सरूबाईनं परकराच्या घेराकडं पाहिलं आणि तिला उमगलं. आत पोरीचे गुडघे मोडलेले होते. मुलीनं आकडा वाचला आणि पुन्हा टेप लावला.

"सर, मागच्या भागाच्या मापापेक्षा ही वीतभरसुद्धा वाढलेली नाही."

"कसं शक्य आहे?" साहेब खाली उकिडवे बसले. आवाज मऊ करून त्यांनी सरूबाईला विचारलं, "ताई, आजारी होती का ही?"

"न्हाई वो साहेब. आमच्यातली समदी अशीच, बुटकी."

हे बोलताना तिच्या शेजारी सहा फुटांचे मारुतराव उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं. मारुतराव मान खाली घालून पोरीकडं बघायला लागले, आणि मग बघतच राहिले.

"अहो, पण तिसऱ्या भागाची गोष्टच ती आहे," साहेब म्हणाले. "मुलं मोठी झालीत. चिमणदारापाशी येतात आणि हिचं कपाळ थाडकन चौकटीला लागतं. आता आत जाता येत नाही. डोहातली माणसं तर आत अडकलेली. तिथून पिक्चर सुरू होतो. मी तीन वर्षं थांबलो ते याच्यासाठीच. मुलांना वाढू द्यायचं होतं."

अंगणात कोंबडी फडफडली.

"सायले," सरूबाई म्हणाली, "सरळ उभी ऱ्हा. गुडगं सोड. सोड म्हनते ना!"

सायलीनं आईकडं चमकून पाहिलं आणि पाय ताठ केले. दोन बोटांचा फरक पडला. मुलीनं वहीतला आकडा खोडून नवा लिहिला आणि मान हलवली.

"एकदा दारातून जाऊन दाखव बाळा," साहेब म्हणाले. शेवटचं बघून घ्यावं, अशा आवाजात.

मग सायली पुढं आली. हे तिला येत होतं. गेली तीन वर्षं ती हेच शिकली होती. तिनं परकर दोन्ही हातांत धरला, मान ताठ केली आणि चिमणदारातून चालत गेली. न वाकता, न थांबता, कपाळ न लागता. पलीकडं जाऊन ती वळली. तिचे डोळे चमकत होते. शाब्बासकीची वाट बघत ती आईकडं बघत राहिली.

कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "एखादं छोटं काम असलं तर कळवतो," असं म्हणून ते शोएबबरोबर घाटाकडं निघाले. पुण्याच्या शाळेचं ते काही बोलले नाहीत, आणि सरूबाईनं विचारलं नाही. लोक जीपमागं गेले. रोशनबी तेवढी थांबली. ती सरूबाईजवळ आली, काहीतरी बोलणार होती, पण सायलीच्या मनगटाकडं तिची नजर गेली आणि नुसताच तिच्या डोक्यावरून हात फिरवून ती निघून गेली.

दुपारी सरूबाईनं सायलीला ताट वाढलं. पूर्ण भाकरी, वाटीभर दूध, वर लोण्याचा गोळा. सायलीनं नेहमीसारखी भाकरी मधोमध मोडली, अर्धी परत टोपलीत ठेवली आणि वर फडकं झाकलं. दुधाला हात लावला नाही.

"खा की गं. आता खाल्लं तरी चालतंय."

"जात न्हाई आई."

अर्ध्या भाकरीतलीही कोर राहिली. हात धुवून आल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली,

"म्या न वाकता गेले की. मंग चुकलं कुठं? आनखी लहान पायजे व्हते का म्या?"

सरूबाईनं तोंडात पदर धरला. सायली ओसरीवर वाकळ टाकून, पाय पोटाशी घेऊन झोपली. दमली होती, लगेच डोळा लागला. भर उन्हात अंगणात ते काळं दार तसंच उभं होतं.

बाजेवर मल्हारीआबा जागे होते. सरूबाई उठली. सायलीच्या पलीकडं जाऊन गोठ्याच्या बाजूला उभी राहिली, साडी घोट्याच्या वर धरली आणि पोरीला उलट ओलांडून घराकडं आली. मग पुन्हा सरळ ओलांडलं जाऊ नये म्हणून पायांकडून लांबचा वळसा घालून पलीकडं गेली आणि पुन्हा उलटी ओलांडून आली. पुन्हा वळसा, पुन्हा उलटी. किती पहाटा झाल्या होत्या ते तिला आठवेना. दोन पावसाळे गेले होते मधे. आबांनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळले.

झोपेतच सायलीनं गुडघे आणखी पोटाशी ओढून घेतले. सरूबाई वळसा घालून पुन्हा पलीकडं गेली.